बालीला जाऊ नये

वाराडिनमध्ये कुणाला परदेशी जायचं असलं की तो आधी ग्लेनिस पास्कोला विचारायचा. बँकेतली पोरगी लग्नानंतर फिरायला निघाली, तिनं विचारलं. शाळेचे हेडमास्तर तुर्कस्तानात पहिल्या महायुद्धात पडलेल्या आजोबांच्या भावाची कबर बघायला निघाले, त्यांनीही विचारलं. सरकारवरचा या गावाचा विश्वास उडून दोन वर्षं झाली होती, पण तेच सरकारचं म्हणणं ग्लेनिसच्या तोंडून आलं की लोक माना डोलवायचे. आता हे उफराटंच झालं, कारण बाई पदरचा एक शब्द घालत नव्हती. रोज दुपारी जेवण झालं की कॅनबेरातल्या परराष्ट्र खात्याचा नंबर लावायची, परदेशी प्रवासाच्या सूचना सांगणारा तो रेकॉर्ड केलेला आवाज अथपासून इतिपर्यंत ऐकायची आणि मगच भांडी घासायला उठायची. दारात कुणी येऊ दे, दूध उतू जाऊ दे, रिसीव्हर काही ती खाली ठेवायची नाही.

असं ती का करते ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि अख्ख्या गावात त्यावर कुणी ब्र काढत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा मोसम संपला होता. मोसम संपला की टीममधली पोरं मिळून कुठेतरी उनाडायला जातात ही आमच्याकडची रीतच आहे. आईबाप नाहीत, बायका नाहीत, आठवडाभर नुसता धुडगूस. त्या वर्षी बाली ठरलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माणसाला बाली म्हणजे परसदार, पर्थहून सिडनी गाठायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. क्लबात सगळे जमले होते, ग्लेनिस नेहमीसारखी कँटीन सांभाळत होती, आणि पेट्रोलपंपवाला मध्येच म्हणाला की रेडिओवर काहीतरी ऐकलं बुवा, सरकारनं इंडोनेशियाबद्दल जपून राहा असं काहीसं सांगितलंय. पोरांनी त्याची यथेच्छ टर उडवली. ग्लेनिस म्हणाली, थांबा, भांडता कशाला, विचारूनच टाकू. भिंतीवरच्या फोनवरनं तिनं नंबर लावला. आवाज सुरू झाला. पाकीटमारांपासून सावध राहा. डास चावू देऊ नका. भाड्याची मोटरसायकल जपून चालवा. अमली पदार्थ बाळगू नका. आमच्या सरकारला, उन्हात टोपी घाला, एवढं सांगितल्याशिवाय रात्री झोप लागत नाही. ऐकता ऐकता भट्टीतले मटणाचे पॅटिस जळायला लागल्याचा वास आला आणि ग्लेनिसनं फोन ठेवला.

"नेहमीचंच पुराण आहे," ती पदराला, म्हणजे एप्रनला हात पुसत म्हणाली. "जा रे बाळांनो."

डार्सीनं, तिच्या एकुलत्या एका पोरानं, तिला उचलून गरगर फिरवलं.

अकरा जण गेले होते, आठ परत आले. डार्सी परत आला नाही. ज्या नाइटक्लबात पोरं नाचत होती तिथे बॉम्ब फुटला, पुढचं सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं.

मग तू-तू मैं-मैं सुरू झाली. सरकार म्हणालं, आम्ही सावध केलं होतं. मेलेल्यांचे आईबाप म्हणाले, केव्हा, कुठे, कुणाला? चौकशीच्या बैठका झाल्या. वाराडिनमधून जो जो बोलायला गेला त्यानं एकच सांगितलं, आम्ही फोन लावला होता, शेवटपर्यंत ऐकला होता, त्यात काही नव्हतं. ऐकला होता कसला! रिसीव्हर एकट्या ग्लेनिसच्या कानाला होता आणि तिनं तो मध्येच ठेवला, हे त्या दिवशी क्लबात असलेल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. गाव तिच्यासाठी एका सुरात खोटं बोललं, आणि बोलताना एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. ग्लेनिसला ते समजत होतं. त्या दिवशी आवाज पुढे काय म्हणणार होता हे मात्र तिला कधीच कळणार नव्हतं. कदाचित काहीच नाही. कदाचित सगळंच. या दोहोंच्या मध्ये ती जगत होती, आणि असं जगणं मी वैऱ्यालाही देणार नाही.

पुढच्या वर्षी सरकारनं घरोघरी एक पाकीट पाठवलं, दहशतवादापासून सावध राहण्याचं. आत फ्रिजला लावायचं चुंबक, त्यावर संशयास्पद काही दिसलं तर कळवायचा नंबर. गावात कुणी ते न उघडताच परत पाठवलं, कुणी त्यातल्या चुंबकानं कोंबड्यांच्या खुराड्याचं पत्र्याचं दार धरून ठेवलं. मेंढ्यांवर कोण हल्ला करतोय इथे, म्हणून हसले. ग्लेनिसनं मात्र आपलं चुंबक फ्रिजवर अगदी मधोमध लावलं आणि रोज फडक्यानं पुसलं.

तिचा नवरा मर्व हे सगळं बघायचा आणि गप्प बसायचा. गप्प बसायची त्याला सवयच होती. अठ्ठावीस वर्षं तो गावाच्या टीमचा गोल अंपायर, म्हणजे गोल झाला की हुकला ते सांगणारा पंच होता. पांढरा कोट घालून दोन खांबांच्या मध्ये उभं राहायचं, गोल झाला तर दोन बोटं दाखवायची आणि दोन झेंडे हलवायचे, हुकला तर एक. स्वतःच्या पोरानं गोल मारला तरी चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. डार्सी मुद्दाम त्याच्यासमोर येऊन दात काढायचा, म्हणायचा, "हस की रे म्हाताऱ्या!" मर्व समोर बघत झेंडे हलवायचा. घरी आल्यावर अंघोळीला गेला की आतून त्याच्या शिट्टीचा आवाज यायचा, तेवढंच.

तरुणपणी मर्वनं उत्तरेकडे निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीत दोन वर्षं काढली होती. ती धूळ चाळीस वर्षं त्याच्या छातीत दबा धरून बसली आणि आता उठली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की याला औषध नाही, दिवस मोजायचे. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात टोबी आला.

टोबी डार्सीचा जिवाभावाचा दोस्त, वाचलेल्या आठांतला. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजलेले, बोटं पुरती मिटत नाहीत. त्यानं सांगितलं की बालीत त्या जागेसमोर दगडी स्मारक झालंय, सगळ्यांची नावं कोरलीत, ऑक्टोबरात वर्षश्राद्धाला आम्ही पोरं जातोय, बाकी दोघांचे आईबापही येतायत. मर्व खुर्चीतून म्हणाला, "मी येणार." इतक्या महिन्यांत तो एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता.

डॉक्टरलाही विचारून झालं. तो म्हणाला, ऑक्सिजनचं यंत्र बरोबर घ्या, बायकोनं बरोबर असलंच पाहिजे, एकट्याला विमानात घेणार नाहीत. या ऑक्टोबरात जमेल, पुढच्या ऑक्टोबराचं मी बोलत नाही. मर्वनं कपाटावरची बॅग काढून घेतली आणि पलंगाखाली ठेवली, हाताशी असावी म्हणून. रोज एकेक वस्तू आत टाकायचा. ग्लेनिस बघायची, पण नाही म्हणाली नाही. दुपारच्या फोनवर त्या वेळी नुसतं जपून राहा असं होतं, आणि जपून राहायला ती तयार होती.

सप्टेंबरात जकार्तात आमच्या वकिलातीच्या दारात बॉम्ब फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लेनिसनं फोन लावला तर आवाज बदललेला होता. आता बाईचा होता. ती बाई सावकाश म्हणाली की इंडोनेशियात आणखी हल्ले होण्याची शक्यता आहे, जिथे आपले लोक जमतात अशा जागी विशेष धोका आहे, आवश्यक नसेल तर जाऊ नये, बालीलाही जाऊ नये. ग्लेनिसनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा लावला आणि पुन्हा ऐकलं.

टोबी समजवायला आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, चहाचा कप दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून. मर्व शेजारच्या खोलीत होता, दार अर्धवट उघडं.

"मिसेस पी, ते लोक हे रोजच म्हणतात हो," टोबी म्हणाला. "दोन वर्षं झाली, रोज. लांडगा आला रे आला. कुठे काय झालं बालीत?"

"आणि एक दिवस येतोच ना रे तो. तुझे हात बघ."

टोबीनं हात टेबलाखाली घेतले. बोलल्यावर ग्लेनिसला स्वतःची लाज वाटली, तिनं त्याच्यापुढे केकची बशी सरकवली. जाताना तो एवढंच म्हणाला की त्यांना बरं आहे, रोज इशारा देऊन ठेवायचा, घडलं तर आम्ही सांगितलं होतं, नाही घडलं तर कोण विचारतो. यात काही खोटं नव्हतं. पण खरं सांगू का, ज्या बाईनं एकदा अर्धवट ऐकून पोर घालवलं तिला हे शहाणपण काय कामाचं?

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसनं चौकश्या करून त्या खात्यातला एक जिवंत माणूस फोनवर मिळवला. तरुण वाटला, सभ्य होता. तिनं सगळं सांगितलं, डार्सीचं, मर्वच्या छातीचं, स्मारकाचं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की बाईसाहेब, मला फार वाईट वाटतं, पण लिहिलंय तेवढंच मी वाचून दाखवू शकतो.

"ते मला पाठ आहे," ग्लेनिस म्हणाली. "मला एवढंच सांग बाबा, त्या दिवशी, त्या जागी काही होणार आहे असं तुम्हाला कळलंय का? का उगाच सगळीकडे म्हणता तसं म्हणताय?"

"ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं."

"तुझे वडील असते तर पाठवलं असतंस?"

पलीकडे तो इतका वेळ गप्प राहिला की तिला वाटलं फोन तुटला.

"मी त्याचं उत्तर देऊ शकत नाही, बाईसाहेब," तो शेवटी म्हणाला. आवाज खाली गेला होता.

झालं. त्या गप्प बसण्यात ग्लेनिसला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं. बिचारा कदाचित वरिष्ठ शेजारी उभे होते म्हणून गप्प बसला असेल, कदाचित त्याला बापच नसेल. पण भीतीला कान फार मोठे असतात. तिनं विमानाची तिकिटं रद्द केली, मग खोलीत जाऊन मर्वला सांगितलं.

मर्व म्हणाला, "बरं."

तिनं समजावलं की वकिलातीबाहेरचं तू पाहिलंस ना, तिथे आपलेच लोक गोळा होणार, सरकार स्पष्ट सांगतंय, आता पुन्हा तीच चूक मी करायची का. मर्व म्हणाला, "बरं म्हटलं ना." मग त्यानं पलंगाखालची बॅग ओढायला सांगितली, आत ठेवलेले अंपायरचे दोन्ही झेंडे बाहेर काढले आणि टोबीला द्यायला सांगितले.

ऑक्टोबरातला तो दिवस ग्लेनिसनं टीव्हीसमोर काढला. आता बातमी येईल, मग येईल. काही आलं नाही. लोकांनी फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या, रडले, आणि हॉटेलात जाऊन जेवले. देवा, माणसाच्या मनाचं तरी काय सांगावं! संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की दिवसभर ती नुसती घाबरून नव्हती, वाट बघत होती. काहीतरी व्हावं म्हणून. हे लक्षात आल्यावर ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

पोरं परत आली, नाकांची सालं निघालेली, पण धडधाकट. क्लबात व्हिडिओ दाखवला. मर्वला चाकाच्या खुर्चीतून नेलं. काळ्या दगडावर देशवार नावं होती, आमच्या देशाचीच रांग सगळ्यांत लांब. कॅमेरा डार्सीच्या नावापाशी थांबला. टोबी पुढे झाला, दोन बोटं दाखवली, मग दोन्ही झेंडे उचलले. एक त्याच्या अर्धवट मिटलेल्या बोटांतून निसटून खाली पडला. कुणातरी बाईनं, तिथल्याच, फुलं विकणारी असावी, तो उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याच्या मुठीभोवती स्वतःची मूठ धरून ठेवली, तो हलवेपर्यंत.

हॉलमध्ये सगळे रडत होते. मर्व रडत नव्हता. तो समोर बघत होता.

"हात खांद्याच्या वर न्यायला हवा," तो टोबीला म्हणाला. "पण चांगलं केलंस पोरा."

घरी येताना गाडी ग्लेनिस चालवत होती. दोन्ही बाजूंना गहू पिकून पिवळा झाला होता. मर्वचं यंत्र मागच्या सीटवर गुरगुरत होतं. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, सरकारनं सांगितलं होतं मर्व, मी माझ्या मनानं नाही केलं.

"मला ठाऊक आहे," मर्व म्हणाला. त्याला दम लागत होता, एकेक वाक्य तो तोडून बोलत होता. "तू सरकारला विचारलंस. डॉक्टरला विचारलंस. त्या फोनवरच्या पोराला विचारलंस. मला विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं?"

"भीती वाटते का म्हणून. मला कसला धोका, म्हातारे? मी मरतोच आहे. त्याच्या शेजारी मेलो असतो तर काय बिघडलं असतं?"

ग्लेनिसनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"माझं बिघडलं असतं," ती म्हणाली. "मला तू हवा होतास. जेवढे दिवस असतील तेवढे. एकटीनं परत यायचं नव्हतं मला त्या घरात."

मर्वनं तिच्या मांडीवर हात ठेवला. "ते सांगायचंस ना मग," तो म्हणाला. "सरकारला कशाला मध्ये घातलंस?"

ग्लेनिसनं इंजिन पुन्हा सुरू केलं. ती गाडी चालवत घरी आली.

तिला हवे होते ते दिवस मिळाले. उन्हाळा गेला, गहू कापून झाला, नवा मोसम सुरू झाला. मर्व वेळेवर औषध घ्यायचा, तिच्या हातचं सूप प्यायचा, वर चांगलं झालंय म्हणायचा. भांडला नाही, टाकून बोलला नाही. फक्त डार्सीचं नाव त्यानं काढलं नाही. ती काढायची, हे त्याला आवडायचं ना रे, तो असं म्हणायचा ना, आणि मर्व हुंकार भरून खिडकीबाहेर बघायचा. नवरा जवळ होता, पण ज्याच्याशी पोराबद्दल बोलता येईल असा जगातला एकच माणूस तिच्या हातून गेला होता. दुपारी भांडी तशीच पडलेली असत. फोन लावणं तिनं कधी सोडलं हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. लोक विचारायचे, ती सांगायची, मला नाही बाबा माहीत, तुझं तू बघ.

जून उजाडला तेव्हा मर्वला मॉर्फिन सुरू होतं आणि त्याचा काळवेळाचा हिशेब सुटला होता. एका रविवारी हेडमास्तर आणि टोबी भेटायला आले. मर्व त्या दिवशी छान हुशार वाटत होता. उशीला टेकून बसला आणि बोलायला लागला. हेडमास्तरांना म्हणाला, बालीत काय उकडतं हो! सांगत सुटला. काळा दगड, त्यावर नाव, स्पेलिंग बरोबर काढलंय. फुलंवाली बाई फार चांगली होती. तिनं माझी मूठ धरली. झेंडा पडला होता माझ्या हातून, तिनं उचलून दिला.

हेडमास्तरांनी ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस पायथ्याशी उभी होती, हातात टॉवेल.

"हो ना रे टोबी?" मर्वनं विचारलं.

"हो," टोबी म्हणाला. "माझ्या शेजारीच होतात तुम्ही."

मर्व समाधानानं हसला. डार्सी 'हस की' म्हणून म्हणून दमला तरी न हसलेला हा माणूस, आता तोंडभर हसला. मग त्याची नजर हिंडत हिंडत ग्लेनिसपाशी आली आणि चेहरा जरा उतरला, एखादं माणूस घरी विसरून आल्यावर उतरतो तसा.

"तू का नाही आलीस गं?" त्यानं विचारलं.

ग्लेनिसनं टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"सरकारनं जाऊ नये म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली.

"वेडी आहेस," मर्व अगदी मायेनं म्हणाला. "काही नाही होत तिथे. मी गेलो नि आलो ना?"

"हो."

"पोरगं विचारत होतं तुला," तो म्हणाला. "म्हटलं, घाबरते रे ती. म्हणाला, आईला सांग, मी रागावलो नाही."

ग्लेनिस पलंगाच्या कडेवर बसली. टोबी आणि हेडमास्तर हळूच उठून बाहेर गेले. तिनं मर्वचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अजून काय म्हणाला?"

आणि मर्व सांगायला लागला.